‘ओके’ला देवीचा कौल

चि. ज्ञानू, मुक्काम सांगली, यास आक्काचे आशीर्वाद.

तुझ्या बायकोच्या, रंगूच्या गुडघ्याला तेल चोळतोस की नुसती चौकशीच करतोस? माझी प्रकृती उत्तम. संतापाने माणूस ठणठणीत राहतो, हे मी बत्तीस वर्षांच्या हेडमिस्ट्रेसगिरीत शिकले.

चावडीमागची रिकामी खोली मी मुलींच्या इंग्रजीच्या वर्गासाठी मागितली होती. (सध्या ओसरीवर सात मुली बसतात, आठवी म्हैस.) तीच खोली सुभेदार भाऊसोंना तालमीसाठी हवी. लढाईवरून परतल्यापासून हा गृहस्थ उठता-बसता ‘ओके’ म्हणतो. शिंक आली तरी. पाटील लालासाहेबांसमोर मी म्हटलं, हा मुळी शब्दच नव्हे. “मग आला कुठनं, बाई? सांगा की!” सुभेदार उसळले. झालं. लालासाहेबांनी ठरवलं, जो खरं मूळ सांगेल त्याची खोली.

मी सांगितलं, हे ग्रीकांचं ‘ओला काला’, म्हणजे सारं ठीक. (मंडळींनी दहीकाला समजून माना डोलावल्या.) सुभेदार म्हणाले, लढाईत एकही माणूस पडला नाही की गोरे कागदावर शून्य आणि ‘किल्ड’चा ‘के’ लिहीत. एवढ्यात चराईचं विचारायला आलेला बिराप्पा धनगर मागून म्हणाला, “आवं, ही तर मेंढरांची हाळी हाय! माज्या आज्याची. पाचगणीच्या सायबानं ऐकली न् नेली इलायतेला.” मी पुरावा मागितला. त्याने “ओऽऽ क्येऽऽ” केलं आणि चाळीस मेंढरं चावडीत शिरली. ज्ञानू, माझ्या ग्रीकने आजवर एक कोकरू हललेलं नाही.

तरी निकाल लागेना, म्हणून गावदेवीला कौल लावला. मूर्तीला तीन फुलं चिकटवली: पांढरं माझं, तांबडं सुभेदारांचं, पिवळं बिराप्पाचं. आधी पडेल ते खरं. गुरवाने देवीला ग्रीक समजावून सांगितलं. (चुकीचं सांगितलं. मी दुरुस्त करायला उठले, तर मलाच खाली बसवलं.) घटकाभर देवी विचारात होती. मग दारात कोकरू ओरडलं आणि पिवळं पडलं.

मी बिराप्पाला विचारलं, आता खोलीत मेंढरं कोंडणार ना? “न्हाई, बाई. तुमीच घ्या. आमच्या नातीला, हरणाला बी बसवा. पर ‘ओके’म्होरं माज्या आज्याचं नाव फळ्यावर पायजे. अन् पुसायचं न्हाई.”

लिहिलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं.

तुझी,
आक्का

ता. क. गुरुवारी वर्ग सुरू व्हायचा आहे. सुभेदार म्हणतात, सांगलीच्या हायस्कुलातला इंग्रजीचा मास्तर फळा बघून ‘बरोबर’ म्हणाला तरच गप्प बसेन, नाहीतर पुन्हा कौल. असा मास्तर माझ्या ओळखीत तू एकटाच. ये आणि ‘बरोबर’ म्हण. हसू आलं तर खोक. मुली आठ झाल्या आहेत. म्हैस मोजलेली नाही.

आणखी ता. क. ग्रीक मला ज्या मदरनी सांगितलं, त्या कॉन्व्हेंटात शिवण शिकवत. हे रंगूलाही सांगू नकोस.

शेवटचा ता. क. येतोस हे तारेने कळव. एकच शब्द लिही. कुठला, ते मी लिहिणार नाही. पण इथला पोस्टमास्तर धनगराचाच आहे, त्याला समजेल.