रिकाम्या स्ट्रेचरचे पट्टे

४ मार्च, सोमवार

आले एकदाची. ताईने दारातच मिठी मारायला हात पसरले, पण तिचं पोट मध्ये आलं आणि आम्ही दोघी हसत सुटलो. तिचे दिवस भरत आलेत. भाऊजी कामासाठी लांब असतात, म्हणून बाळंतपण होईपर्यंत मी सोबतीला. नुसतं बसून ताईच्या हातचं गिळणं मला जमायचं नाही, तेव्हा इथल्या रुग्णवाहिकेवर स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलंय, ते गंजण्यापेक्षा बरं. ताई म्हणाली, घरचं सोडून गावची उठाठेव. मी म्हटलं, तुलाही त्याच गाडीतून जायचंय, ओळख असलेली बरी.

७ मार्च, गुरुवार

गाडी एकच, सगळ्या वस्त्यांना मिळून. मोठं हॉस्पिटल घाटापलीकडे. ड्रायव्हरला सगळे पैलवान म्हणतात. माणूस इतका काटकुळा की ऑक्सिजनचं सिलिंडर त्यांच्यापेक्षा अंगाने बरं. त्यांनी सगळं हौसेने दाखवलं. एक गोष्ट मात्र बजावून सांगितली: पेशंट उतरवून परत निघताना रिकाम्या स्ट्रेचरचे पट्टे आवळून लावायचेच. कशासाठी विचारलं, तर म्हणाले, जागा मोकळी दिसली की कुणीतरी येऊन निजतं. मला हसू आवरेना. बकलं वाजू नयेत म्हणून असेल, दुसरं काय.

१२ मार्च, मंगळवार

आज पहिल्यांदा माझ्यासमोर माणूस गेलं. दम्याची म्हातारी, घरात एकटीच राहायची. घाटभर माझं मनगट धरून सांगत होती की एकटीला जायचं नाही, सोबत हवी. हॉस्पिटलच्या फाटकाशी तिचा हात सैल पडला. येताना मी पुढे पैलवानांशेजारी बसून रडत राहिले. घरी आल्यावर आठवलं, पट्टे लावायचे राहिले. त्यांना कळवलं नाही. उगाच राईचा पर्वत कशाला.

१४ मार्च, गुरुवार

आजचा पेशंट सुतार. शिडीवरून पडला, पाय मोडला, बाकी ठणठणीत. गाडीत घेताना माझीच थट्टा करत होता. घाट लागला आणि म्हणाला, आजींना जरा पलीकडे सरकायला सांगा. कुठल्या आजी, मी विचारलं. तोवर तो स्वतःच कडेला सरकून जागा करून देत होता.

पोचलो तेव्हा तो गेलेला होता. डॉक्टर म्हणाले, रक्ताची गाठ फुप्फुसात गेली असेल, होतं असं. होत असेल.

१६ मार्च, शनिवार

शाळेतल्या बाई. हात भाजला होता, एवढंच. घाटात त्यांनी अर्धी उशी मोकळी केली आणि शेजारी बघून म्हणाल्या, टेका इथे. मी गाडी थांबवायला लावली, जे जे शिकले ते सगळं केलं. उपयोग झाला नाही. हात भाजून माणूस मरतं का?

मग पैलवानांना पट्ट्यांचं सांगून टाकलं. ते चिडले असते तर बरं वाटलं असतं. स्टिअरिंगवर डोकं टेकून बसून राहिले.

१७ मार्च, रविवार

पट्टे लावले. लागतात, पण मध्ये फुगून राहतात. खाली कुणी असल्यासारखे.

पैलवान म्हणाले, तिने मनगट तुझं धरलं होतं. सोबत तुझी हवी आहे. बाकीचे तिच्या वाटेत येतायत, म्हणून ती त्यांना बाजूला सारतेय. तू स्वतः निजून घाट ओलांडलास तर थांबेल.

मला भीती वाटते. खूप. उद्यापासून जाणार नाही मी. शेजाऱ्यांच्या टेम्पोचं बोलून ठेवलंय, ताईला त्यातून नेऊ.

१९ मार्च, मंगळवार

ताईला रक्त जातंय. थांबत नाही. टेम्पोत ना सलाइन ना ऑक्सिजन, घाट काढायची नाही ती. पैलवानांना बोलावलंय—

गाडीत. ताई बाकावर, उपकेंद्राच्या नर्सबाई तिच्याजवळ. स्ट्रेचरवर मी. नर्सबाईंना वाटतंय माझं डोकं फिरलं. ताई विचारतेय, तू का आडवी झालीस. चक्कर आली म्हटलं. पट्टे पैलवानांनी आवळले, माझ्याकडे न बघता.

लिहीत राहते. हात हलता असला की धीर येतो.

घाट लागला.

डावी बाजू गार पडली. उशी दबली—

मनगट धरलंय. ताई नाही. ताई तिकडे आहे—

ताईची नाडी सुधारतेय म्हणाल्या. बाळाचे ठोके मिळाले. बाई, इकडे बघू नका, तिच्याकडेच बघा—

सरकले. दिली जागा. श्वास—

फाटक दिसतंय. म्हातारी माझ्याजवळ आहे तोवर आधी ताईला उतरवा. पैलवान, माझे पट्टे सोडू नका, मी कितीही विनवलं तरी सो—