भज्जीत पडलेला परका हरभरा

भालकी, मंगळवार, २४ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप सुधींद्रकाकांना विभाचा वाकून नमस्कार.

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते, मग काकूंच्या गुडघ्याची चौकशी करते. (क्रम उलटा आहे, पण चूक पोटात ठेवून केलेली चौकशी मनापासून होत नाही.) ऊसतोडीच्या पाळ्या दाखवणाऱ्या आपल्या ॲपमध्ये मी पोलंडच्या एका गृहस्थांची तयार लायब्ररी, म्हणजे पाळ्यांचं गणित करणारा त्यांचा कोड, बसवली, तीही फुकट, आपलं ॲपही फुकट, तेव्हा मिसळलं तरी काही बिघडत नाही, असं मी लिहिलं होतं. ते साफ चूक आहे. काकूंचा गुडघा आता कसा आहे? कलबुर्गीत थंडी कमी असली तरी तेल लावत जा म्हणावं.

तर चूक अशी. आपल्या कोडला मी लावलेला परवाना म्हणतो, नाव तेवढं राहू द्या, मग काहीही करा, कुलूप लावून विका. पोलंडच्या गृहस्थांचा परवाना कॉपीलेफ्ट. तो म्हणतो, घ्या, बदला, विकासुद्धा. पण माझं ज्यात मिसळाल ते पुढं देताना सगळ्या कोडसकट आणि याच अटीवर द्या. मी दोन्ही मिसळून, वर फक्त आपला परवाना चिकटवून, ॲप नेटवर ठेवलं आणि उदगीरच्या एका कंपनीला "खुशाल कुलूप लावून विका" असं सांगून बसले. कंपनी ॲप घेणार आणि मला नोकरी देणार, ही लेकीची बातमी अण्णांनी बाजारापासून बसस्टँडपर्यंत पोचवली आहे. (पेढे वाटले नाहीत, एवढीच देवाची कृपा.)

आईला सांगितलं, तेव्हा ती येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, भज्जीत कोणकोणत्या पालेभाज्या आणि दाणे एकत्र शिजवायचे ते ठरवत होती. म्हणाली, "अगं, हरभरा डब्यात हाय तवर ज्याचा त्याचा. भज्जीत पडल्यावर येचून काढता येतोय व्हय? आन् येळवशीची भज्जी शेतात येईल त्याला वाढायची असती, झाकून कोण ठेवतंय?" मी इतकं इंग्रजी वाचलं, त्यात हे इतकं स्वच्छ कुठं सापडलं नव्हतं.

तरी मी हरभरा वेचायला बसलेच. लायब्ररी काढून टाकली आणि पाळ्या स्वतःच्या हिशेबानं लावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आपलं ॲप वापरणारे ऊसवाले गुरप्पा फोन पुढं धरून दारात. "विभाक्का, माझा ऊस पाडव्याला तोडायलीस कामून? म्हातारा होऊन काठी टेकत कारखान्याला जायाचा का त्यो?" मी निमूटपणे लायब्ररी परत बसवली. पाळी जानेवारीत आली, आणि त्या भल्या माणसानं रागवायचं सोडून आपल्या सगळ्यांना येळवशीला शेतात बोलावलं.

मग पोलंडला क्षमापत्र धाडलं. शाळेत घालण्याआधी तुम्हीच मला ओसरीवर शिकवलंत, की दुसऱ्याची पेन्सिल विचारून घ्यावी आणि परत देताना टोक काढून द्यावी. (पत्रात पेन्सिलही आली. गोंधळले असतील.) उत्तर आलं, "क्षमा कशाची? माझं गणित ऊस तोडायला लागतं हे वाचून आनंद झाला. पुढं देताना कोडसकट द्या." काका, ज्यांनी उभा ऊस कधी पाहिला नसेल, त्यांनी गुरप्पांचा ऊस वाळण्यापासून वाचवला, आणि मोबदल्यात एवढंच मागितलं. त्यांचे आणि तुमच्या ओसरीचे उपकार एकाच दिवशी आठवले.

म्हणून सगळं ॲप त्यांच्याच परवान्यात ठेवायचं ठरवलं आहे. कोड उघडा राहणार म्हटल्यावर कंपनी बहुधा मागं फिरेल, आणि नोकरीही तिच्याबरोबर जाईल. मी अगदी शांत आहे. (सकाळपासून चहात दोनदा मीठ पडलं, ते वेगळं.)

तुमची,
विभा

ता. क. ॲपमधले सगळे कन्नड शब्द तुमचे. तुमचं नाव राखलं की ते नव्या परवान्यात न विचारता नेता येतात, असं आपला जुना परवाना म्हणतो. ओसरी म्हणते, विचार. नेऊ ना?

ता. क. दुसरा. खरं काम हे. अण्णांना यातलं काहीच माहीत नाही. येळवशीला तुम्ही या आणि गुरप्पांच्या शेतात अण्णांच्या शेजारी बसा. (काकूंना खुर्ची मिळेल, मी सांगून ठेवलं आहे.) अण्णांनी आंबील दुसऱ्यांदा मागितली की विषय काढा. धाकट्या भावावर ते नुसते ओरडतात. माझ्यावर ओरडत नाहीत, गप्प बसतात, आणि तेच मला सोसत नाही. त्यांचं तुमच्यावर ओरडणं चालू असतानाच मी बांधावरून फोनवर परवाना बदलीन आणि कंपनीला कळवीन: सोमवारी, तीस डिसेंबरला, येळवशीच्या दुपारी.