कमिटीचं भरीत

नाना,

तुमची लेक इथे जळगावात आमच्या सोसायटीची सेक्रेटरी झाली आहे. हसू नका. बिनपगारी काम, ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात पडतं. टाकीत पाणी चढलं नाही की माझं दार वाजतं, कुणाच्या कुत्र्याने जिन्यात घाण केली की माझंच दार वाजतं. गावच्या भंडाऱ्याची कमिटी तुम्ही इतकी वर्षं कशी सांभाळलीत, हे आता विचारावंसं वाटतं तर तुम्ही नाही.

सांगायचंय ते भरिताचं. यंदा थंडी पडली आणि आमच्या अध्यक्षभाऊंनी यावलकडच्या एका मळ्यात फक्त कमिटीसाठी भरीत पार्टी ठेवली. त्यांचं कापडाचं दुकान आहे, माणूस दिलदार आणि बोलण्यात पटाईत. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, लसूण-मिरचीचा ठेचा, कांद्याची पात, कळण्याची भाकरी. मी दोनदा मागून घेतलं. हात धुताना सहज विचारलं, "भाऊ, माझी वर्गणी किती?" तर म्हणाले, "वर्गणी कसली, ताई? सोसायटीच्या फंडातून केलं. वर्षभर फुकट राबतो आपण, एवढा तर हक्क आहे!" सगळ्यांनी माना डोलावल्या. पोट भरलेलं असलं की मान लवकर डोलते. माझीही डोलली.

आता तुम्हाला ठाऊक नाही ते असं, की आमची लिफ्ट दिवाळीपासून बंद होती, आणि फंडात पैसे कमी आहेत म्हणून आम्हीच दुरुस्ती लांबवत होतो. तिसऱ्या मजल्यावर एक अक्का एकट्या राहतात, आपल्या धुळ्याकडच्याच. गुडघे गेलेले, त्यामुळे लिफ्ट बंद पडल्यापासून त्या खाली उतरल्याच नव्हत्या. संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घ्यायची, एवढंच त्यांचं सुख. दुसऱ्या दिवशी मी त्यांना भाजी द्यायला गेले, तर विचारतात, "भरीत चांगलं व्हतं का वं, बाई?" बातमीला काही लिफ्ट लागत नाही. मी हो म्हटलं. त्या खूश झाल्या, अगदी मनापासून. टोमणा नव्हता तो. मग म्हणाल्या, "लिफ्ट कव्हय सुरू व्हई?" मला इतकी लाज वाटली की भाजी तिथेच ठेवून मी जिना उतरायला लागले.

आणि तिथे जिन्यातच तुम्ही आठवलात. मी लहान आहे, भंडाऱ्याचा दिवस आहे. देवळामागे लपून, पंगत बसायच्या आधीच, मी द्रोणभर शिरा खाते आहे. तुम्ही ओरडत नाही. द्रोण काढून घेता आणि पाण्याचा जग हातात देता. "तू पंचनी पोर शेस. जो वाढस, तो शेवटले जेवस." शेवटची पंगत उठेपर्यंत मी पाणी वाढते. दर पंगतीला, सगळे जेवले का म्हणून, तुमची हाक येते, "बठ्ठा जेवनात का?" सगळं आटोपल्यावर तुम्ही घरून फडक्यात बांधून आणलेली भाकरी सोडता, आणि उरलेल्या शिऱ्याला बोटही लावत नाही. त्या दिवशी मला तुमचा भयंकर राग आला होता. गावात बाकी कुणाचा बाप असा नव्हता.

तर मी काय केलं, ऐका. वार्षिक सभेची नोटीस लावली: सभा तिसऱ्या मजल्यावर, अक्कांच्या दारासमोर. एका सभासदाला खाली येता येत नाही, तर बाकीच्यांनी वर यावं. अध्यक्षभाऊ दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभे राहिले आणि वर पोचल्यावर खुर्ची सोडून पायरीवरच बसले. अक्कांनी त्यांना तांब्याभर पाणी दिलं. मी उभी राहिले. सांगून टाकलं, की भरीत फंडातून झालं, मीही खाल्लं, दोनदा खाल्लं. माझा वाटा मी भरते आणि फंडातून आधी लिफ्ट होऊ द्या. कमिटीतलं कुणी माझ्याकडे बघेना. उद्यापासून आपल्याशी कोण बोलणार, असं मनात आलं. तेवढ्यात अध्यक्षभाऊ धापा टाकत म्हणाले, "ताई, बठ्ठं आम्ही भरतो. पण पुढची मीटिंग खाली घ्या!" जिनाभर हशा पिकला.

लिफ्ट सुरू झाली. परवा रविवारी गच्चीवर अख्ख्या बिल्डिंगसाठी भरीत केलं, खर्च कमिटीच्या खिशातून. अध्यक्षभाऊ कमरेला टॉवेल गुंडाळून वाढत होते आणि आग्रहाला दुकानातल्यासारखेच पटाईत. अक्का लिफ्टने वर आल्या, आमच्या वाढण्यात खोडी काढत जेवल्या. शेवटी कमिटी बसणार, एवढ्यात त्यांनी खुर्चीवरूनच हाक दिली, "बठ्ठा जेवनात का?" माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. मी मागे वळून पाहिलं, नाना. तुम्ही नसणार हे माहीत असून पाहिलं. फार आठवण आली तुमची. डोळे पुसले आणि धूर लागला म्हणून सांगितलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. परवा पंगत बसायच्या आधी मी भरीत चाखलं. मीठ बघते, असं सगळ्यांना म्हटलं. मीठ मीच मोजून घातलं होतं.