पाचवं बटण

लॉस एंजेलिस,
१२ मार्च १९५९

प्रिय आल्मा,

अनेक आशीर्वाद. तुम्ही दोघं खुशाल असाल. मिनेसोटात बर्फ अजून कुंपणाच्या वर असेल. इथे झाडाला लिंबं लागलीत, आणि मला त्यांचा उगीच राग येतो. रविवारी आईसारख्या बटाट्याच्या पोळ्या करायला बसले. एक धड उलटली असेल तर शपथ.

गेल्या वर्षात पडद्यावर मी एकदा जोगीण झाले, एकदा राणी, एकदा दारू पिऊन जिन्यावरून गडगडणारी मोलकरीण. मासिकवाले लिहितात, 'हिला कुठलंही सोंग साधतं.' लिहू देत मेले. सोंग येतं कुठून, ते तुला ठाऊक आहे.

ज्या चित्रपटावरून तू माझ्याशी बोलणं सोडलंस, त्याबद्दल लिहायचं मी चार वर्षं टाळलं. तुझ्या सहा वर्षांच्या पीटरला पुरून आलो, त्या दिवशी तू रडली नाहीस. खाटेवर बसून त्याच्या कोटाची बटणं लावत होतीस, काढत होतीस. मी दारात उभी होते. तुला जवळ घ्यायचं सोडून तुझी बोटं बघत होते. पुढे कॅमेऱ्यासमोर तेच केलं. दिग्दर्शक म्हणाला, "वा, बाई! फक्त पुन्हा एकदा." असं सात वेळा. सातव्यांदा दिवेवालेही रडले. मला बक्षीस मिळालं.

गावातल्या थिएटरातून तू उठून गेलीस, हे तुझ्या नवऱ्याने, नेल्सने, फोनवर सांगितलं. "सगळ्या गावाने ओळखलं हो, ताई. आता ती तुमच्याशी बोलायची नाही." मग तुझं कार्ड आलं, एका ओळीचं: 'कोटाला चार बटणं होती. तू पाच लावलीस.'

तेव्हा मी चिडले होते. म्हणाले, कोट शिवणाऱ्याची चूक, मी काय करू? काय निर्लज्ज बाई मी!

मंगळवारी डॉक्टरांनी माझ्या छातीतली गाठ तपासली आणि मान खाली घातली. "कपडे घाला," म्हणाले. मी ब्लाउजची बटणं लावली, काढली, पुन्हा लावली, पुन्हा काढली. नर्सने हात धरला तेव्हा कळलं. इतक्या बायका झाले, पण माझ्या स्वतःच्या दुःखालाही तुझीच बोटं लागली.

मला भीती वाटते गं. नऊ एप्रिलला ऑपरेशन आहे. ये. माफ कर म्हणत नाही, जवळ घे असंही म्हणत नाही. दारात उभी राहून नुसती बघत राहिलीस तरी चालेल. तेवढा तुझा हक्क आहे.

तुझी चोरटी ताई,
व्हर्ना