मशीन थोडे, टाचण्या नाहीत

प्रिय ताई,

परवा दुपारी तुझ्या लेकीचा फोन आला होता. ‘मावशी, हे लो-पास आणि हाय-पास फिल्टर मला या जन्मात कळणार नाहीत,’ म्हणाली आणि अगदी रडकुंडीला आली. सर म्हणे फळ्यावर समीकरण लिहितात, स्वतःच मान डोलावतात आणि पुसून टाकतात. मी हातातलं सोल्डरिंग बाजूला ठेवलं, दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं आणि तासभर तिला समजावत बसले. चहा गार होऊन त्यावर साय आली. पण मजा आली बघ. इतक्या दिवसांत मला कुणी काही विचारलंच नव्हतं. गिऱ्हाईक फक्त ‘कधी देणार?’ एवढंच विचारतं.

तिला मी सगळं बाबांच्याच पद्धतीनं सांगितलं. आठवतं, ते पाण्याच्या नळीत सायकलच्या फाटक्या ट्यूबचा पडदा ताणून बसवायचे? नळीतलं पाणी एका बाजूनं हळूहळू ढकललं की पडदा फुगायचा आणि तिथंच थांबायचा, पलीकडे काही म्हणता काही जायचं नाही. पण तेच पाणी भराभर पुढेमागे हलवलं की पडदाही थरथरायचा आणि ती थरथर पलीकडच्या पाण्यात जशीच्या तशी उतरायची. ‘हा आपला कपॅसिटर,’ बाबा म्हणायचे, ‘रेंगाळणाऱ्याला अडवतो, घाईवाल्याला सोडतो.’ त्याला आवाजाच्या वाटेत उभा केला की खालचे जाड आवाज अलीकडेच अडकतात आणि वरचे बारीक आवाज तेवढे पुढे जातात, हा झाला हाय-पास. त्यालाच वाटेतून काढून बाजूच्या नाल्याच्या तोंडाशी बसवला की बारीक आवाज तिथून वाहून जातात आणि जाड आवाज सरळ पुढे निघतात, हा लो-पास. तुझ्या लेकीनं विचारलं, ‘म्हणजे वस्तू तीच?’ मी म्हटलं, तीच गं, कुठं उभी आहे त्यावर सगळं. तर म्हणते कशी, ‘मग आई पण तशीच आहे. आजोळी आली की वेगळीच होते.’ कार्टी हुशार आहे. पास होईल, काळजी करू नकोस.

फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, ‘मावशी, आजीची मूळ टेप मला कुरिअर कर ना. तिच्यातली खरखर, घरघर सगळी काढून आईला वाढदिवसाला देणार आहे. तिला सांगू नकोस हं.’ तर हे मी तुला सांगितलं. तिचं गुपित फोडल्याबद्दल तिच्याकडून बोलणी खाईन. पण तिला मी ‘बघते’ एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला, आणि तेव्हापासून दोन दिवस माझं कशात म्हणून लक्ष नाही. काल एका रेडिओला दोनदा तोच भाग बसवला.

आज सकाळपासून आपली ती पुढची खोली डोळ्यांसमोर येतेय. मधोमध लाकडी पार्टिशन, एका अंगाला बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं बाक, दुसऱ्या अंगाला आईचं शिलाई मशीन. खरं तर मला त्यातलं थोडंच आठवतं. पायांनी मशीन हाकायच्या पायटीखालची धूळ आठवते, कारण मी तिथं बसायचे. बाकीचं बाबांनी सांगितलेलं. तेरा वर्षांची असताना मी पहिल्यांदा फिल्टर शिकले तेव्हा ते म्हणाले होते, ‘तुझी आई पलीकडे बोलायची ते मला कळायचं नाही, पण तिचं मशीन कळायचं. जाड धपधप लाकडातून यायची, बारीक बोलणं पलीकडेच राहायचं. पार्टिशन म्हणजे लो-पास.’ आणि आईला एकदा हे त्यांनी मोठ्या कौतुकानं समजावून सांगितलं, तर ती म्हणाली होती, ‘माझं बोलणं तुम्हाला ऐकू न यायला पार्टिशन कशाला लागतंय?’ हे सांगताना बाबा इतके हसायचे, की चष्मा काढून पुसावा लागायचा. मग बराच वेळ तो पुसतच राहायचे.

ती टेप कशी झाली ते तुला ठाऊक आहे, तू होतीस तिथं. कुणाचा तरी टेपरेकॉर्डर दुरुस्त झाला होता, आणि बाबांनी चाचणीसाठी तो आईच्या मशीनवर नेऊन ठेवला. ‘बोल काहीतरी.’ ‘काय बोलू? तोंडात टाचण्या आहेत.’ मग ती तुला मापं सांगायला लागते, छाती चौतीस, बाही अकरा, आणि तू वहीत लिहितेस, आणि एकदा तू चुकतेस तर ‘अगं, अकराची बाही एकवीस केलीस तर ती बाई हात कुठं ठेवेल?’ म्हणते. खाली सारखी मशीनची धपधप. प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ला टाचण्यांमधून निसटणारी ती बारीक शीळ. आणि अगदी शेवटी, अकरा मिनिटं संपता संपता, मला, ‘फ्यूज, कात्री खाली ठेव.’ ताई, तुझ्याकडे आईची चौदा वर्षं आहेत. माझ्याकडे पायटीखालची धूळ आहे आणि हे एक वाक्य आहे. कॅसेटवर तिनंच लिहिलं होतं, ‘माझी बडबड’. वर्षभरानं ती गेली. मग दर वर्षी त्या दिवशी संध्याकाळी आपण तिघं ती लावायचो. बाबा आवाज वाढवायचे आणि डोळे मिटून बसायचे.

आता तुझ्या लग्नाचं सांगते. मी एकोणीसची होते. डिप्लोमाचं पहिलं वर्ष, आणि जगात माझ्याइतकं फिल्टरमधलं कुणाला कळत नाही अशी माझी खात्री. तुला काय द्यावं, तर आईचा आवाज स्वच्छ करून द्यावा असं डोक्यात आलं. मशीनची धपधप आणि विजेची घरघर दोन्ही खालची, म्हणून एक हाय-पास बांधला, दोनशे हर्ट्झच्या खालचं सगळं बाहेर. टेपची खरखर वरची, म्हणून एक लो-पास बांधला, तीन हजाराच्या वरचं सगळं बाहेर. बाबा नेहमी सांगायचे, फिल्टर म्हणजे भिंत नाही, उतार आहे, तोडलेलंही थोडं थोडं झिरपत राहतं, राहू द्यावं. मला झिरपायला नको होतं. मी एकामागे एक चार टप्पे लावले आणि उताराची भिंत करून टाकली. अकरा मिनिटं नव्या कॅसेटवर उतरली, तुझ्यासाठी. ऐकून मी नाचले अक्षरशः. आई इतकी स्पष्ट, जशी दूरगावाहून फोनवर बोलतेय.

आणि मग मला वाटलं, घरीही हीच चांगली प्रत असावी, आणि ती आईच्या अक्षरातल्या कॅसेटमध्ये असावी. त्या कॅसेटवर दुसरं काही शोभलं नसतं. म्हणून तुझ्या लग्नाच्या आदल्या शनिवारी, बाबा बाहेर गेलेले असताना, मी ‘माझी बडबड’ एका टेपरेकॉर्डरमध्ये घातली, नवी प्रत दुसऱ्यात घातली, आणि रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. अकरा मिनिटं मी समोर बसून होते, ताई. सुईकाटा हलताना बघत होते. एकदाही हात पुढे गेला नाही.

रविवारी तुला ऐकवली तेव्हा सगळे रडले, आत्या तर बाथरूममध्ये जाऊन रडली. तू म्हणालीस, ‘किती स्पष्ट गं!’ मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता विचारलंस, ‘पण मशीन कुठं गेलं?’ त्या क्षणी मला कळलं मी काय केलं ते. आणि मी म्हटलं, ‘ही तुझी कॉपी आहे. मूळ आहे तशी घरी आहे.’ तू हसलीस आणि साडीची घडी करायला लागलीस. पंचवीस वर्षं तू त्या ‘घरी आहे’वर निर्धास्त आहेस. मूळ टेप नाही, ताई. त्या कॅसेटवर आईचं अक्षर खरं आहे, आतलं माझं आहे.

बाबांना तू गेल्यावर चारच दिवसांत कळलं. त्यांनी कॅसेट लावली, नेहमीसारखे डोळे मिटले, आणि पहिल्या मिनिटातच उघडले. तरी पूर्ण ऐकली. मग ती बाहेर काढून लेबलावरून अंगठा फिरवला आणि मला विचारलं, ‘चार टप्पे लावलेस?’ मी हो म्हटलं. ‘बांधलेत चांगले,’ म्हणाले. बस. त्यांनी मला फ्यूज हे नाव ठेवलं ते माझ्या रागामुळे, पण त्या दिवशी फ्यूज उडायचा तो त्यांचा होता, आणि तो उडाला नाही. ते रागावले असते तर मी तेव्हाच तुला सगळं सांगून मोकळी झाले असते असं आता वाटतं. हेही कदाचित मी स्वतःला सांगते. त्यानंतर दर वर्षी आईच्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं फिरायला जायला लागलो. टेपचं नाव कुणी काढलं नाही, आणि तू दर वर्षी फोनवर ‘लावली का गं?’ विचारायचीस तेव्हा बाबा रिसीव्हर माझ्याकडे द्यायचे.

मागच्या महिन्यात, त्यांना जाऊन वर्ष झाल्यावर, मी एकदाचं त्यांचं कपाट काढलं. खालच्या खणात, रेडिओच्या जुन्या व्हॉल्व्हच्या पेट्यांमागे एक पत्र्याचा डबा निघाला. त्यांनीच बांधलेला, व्यवस्थित, कडा घासलेल्या. पुढे दोन बटणं. एकाखाली त्यांच्या अक्षरात ‘मशीन’, दुसऱ्याखाली ‘टाचण्या’. सोबत एक शाळकरी वही. ताई, मी तोडलेलं परत उचलायचा ते प्रयत्न करत होते. भिंतीखालून जे काही झिरपलं असेल, ते शोधून मोठं करायचं, एवढंच त्या डब्याचं काम. वहीत तारखा आहेत, कधी महिन्यानं, कधी दोन वर्षांनी. ‘कपॅसिटर बदलला. काही नाही.’ ‘टेपरेकॉर्डरला दुसरा हेड लावून पाहिला. नुसती खरखर.’ ‘फ्यूज बाजारात गेली आहे तेवढ्यात पाहिले.’ ही ओळ तीनदा आहे. आणि सगळ्यात शेवटची, ते आजारी पडायच्या थोडं आधीची, अक्षर हललेलं, ‘मशीन थोडे. टाचण्या नाहीत.’

मी डबा जोडून ऐकलं. टाचण्यांचं बटण फिरवलं की खरोखरच नुसती खरखर वाढते, बाकी काही नाही, ती शीळ गेलीच असं मी आता धरून चालले आहे. पण मशीनचं बटण पुरतं फिरवलं, की घरघरीच्या खाली काहीतरी आहे. धप, धप, मध्येच थांबतं, परत सुरू होतं. तू ‘एकवीस’ लिहितेस तिथं थांबतं असं मला वाटतं. की तो टेपरेकॉर्डरच्या चाकाचा आवाज आहे? की मला हवं म्हणून ऐकू येतं? मी दहादा ऐकलं. मला सांगता येत नाही, कारण मला ते मशीन आठवतच नाही. बाबांना सांगता आलं असतं. आता ते ओळखू शकणारे कान जगात एकाच माणसाचे आहेत.

म्हणून हे पत्र. फोन करायला आकडे दाबले होते, पण ठेवून दिला. फोनची तार खालचं आणि वरचं दोन्ही खाते, मधलं तेवढं नेते, अगदी मी आईचं केलं तसं. तिच्यावरून तुला मशीन ऐकवता येणार नाही, आणि माफीही मला तसल्या तुकड्यात मागायची नाही. तू ये. लेकीलाही आण, तिला सांगायचंय की काहीही साफ करायच्या आधी मूळ बाजूला ठेवायचं. रागावून आलीस तरी चालेल, दोन दिवस बोलली नाहीस तरी चालेल. फक्त डब्यासमोर बस, आणि हे मशीन आहे की नाही ते सांग. नाही म्हणालीस तर नाही. आणि मग एक कर, माझ्यासाठी. आईची टाचण्यांची डबी मी काढून ठेवली आहे. त्यातल्या चार ओठांत धर, आणि ती बोलायची तसं, शीळ निसटू देत, मला एकदा सांग, की फ्यूज, कात्री खाली ठेव.

वाट बघतेय.

तुझीच,
फ्यूज