रिमवर नसलेला नंबर

बाबा,

काल तुम्ही जीपसाठी घेतलेल्या चकचकीत रिम्स परत करायला निघालेय. पाच भोकं जुळतात, पण त्या दोन बोटं जास्त रुंद आहेत. स्टिअरिंग पुरतं वळवलं की टायर स्प्रिंगच्या पाट्यांना घासणारच. दुकानदार कुरकुरला तर बघून घेईन, मुलगी तुमचीच आहे. भंगारवाल्याकडे जुन्या अस्सल रिम्स सापडल्यात. गंज काय, ब्रशने निघेल.

आणि काल दुकानात नव्या रिमवरचा नंबर तुम्ही मोठ्याने वाचून दाखवलात ना, तो तिच्यावर नाहीच. तो जीपच्या जुन्या, तडा गेलेल्या रिमचा, तुम्हाला पाठ असलेला. चारचौघांत मी बोलले नाही. पाच वाजता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय, तयार राहा.

जीपची किल्ली खिळ्यावर शोधू नका. आजपासून ती माझ्याकडे.