गंगापूर रोडला जाणारी जीप

३० ऑगस्ट १९९९, सोमवार

कुत्रा! आमच्या घरात! बाथरूमच्या दाराशी ऐटीत पसरलाय, आणि हे म्हणतात, "तू गेलीस फेरीला आणि आलीस काय घेऊन?"

मी नाही आणला! त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी संपवून आम्ही बायका भाड्याच्या जीपमध्ये बसलो. पायांचे तुकडे पडलेले, मला तर टेकताक्षणी झोप लागली. एवढंच आठवतं — टोपीवाला एक म्हातारा ड्रायव्हरला पुन्हा पुन्हा विचारत होता, "गंगापूर रोडलाच जाती ना?" वाटलं, यालाही आमच्यासारखं गंगापूर रोडला यायचं असेल. घराजवळ डोळे उघडले तर मागच्या सीटखाली हा! भुरा, एक कान फाटका, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं घुंगरू.

माझ्या नणंदबाई, सिंधुवन्सं, लगेच हात जोडून मोकळ्या. "वहिनी, फेरीत भेटलेलं कुत्रं दत्ताचं. परत करायचं नसतं." म्हटलं, दत्तमहाराज घुंगरू बांधत नाहीत. कुणाच्या तरी घरचा आहे. ज्याचा त्याला पोचवणार म्हणजे पोचवणार!

३१ ऑगस्ट

दूधपोळी दिली, ढुंकून बघितलं नाही. शिळी भाकरी टाकली तर मिटक्या मारत खाल्ली. म्हणजे डोंगराकडचाच. रविवारी त्र्यंबकला जायचं, ठरलं. तोवर कपडे वाळत घालायच्या दोरीनं खिडकीच्या गजाला बांधून ठेवलाय. पळाला आणि गाडीखाली आला तर मालकाला काय तोंड दाखवू?

२ सप्टेंबर

फिरायला नेलं की एकच हट्ट. कोपऱ्यावर नवी बिल्डिंग चाललीय ना, तिथं वाळूच्या ढिगाशी पाय रोवून उभा! आत मजुरांचं जेवण शिजतं, त्याचा वास येत असणार. खादाड! ओढत आणला. तळहात सोलवटला माझा.

३ सप्टेंबर

पुन्हा तेच. आज तर रडला. आत मिक्सरची घरघर आणि बाहेर ह्याचं रडगाणं! वॉचमन हसायला लागला — "बाई, तुम्ही त्याला फिरवताय का तो तुम्हाला?"

मीही काही कमी हट्टी नाही. ह्यांना विचारा.

४ सप्टेंबर

वन्संचा फोन. दत्ताचा कोप होईल म्हणे. आणि इकडे हे! पहिल्या दिवशी नाक मुरडणारे, आज गुपचूप त्याला ग्लुकोजची बिस्किटं घालत होते. "राहू दे की," म्हणाले. नाही! कुणाचा तरी जीव टांगणीला लागला असेल. मलाही वाईट वाटतंय, लळा लागलाय मेल्याचा. म्हणून तर उद्याच.

५ सप्टेंबर, रविवार

काय दिवस गेला!

एसटीच्या कंडक्टरनं घेतला नाही. काळीपिवळीवाला कसाबसा तयार झाला, तर हाच चढेना. उचलून घातला. त्र्यंबकला फेरीच्या वाटेनं विचारत निघाले. चहाच्या टपरीवाल्यानं घुंगरू ओळखलं. "रावजीच्या घरचं हे. पुढच्या पाड्यावर जा."

दारात रावजीची बायको भागीबाई तांदूळ पाखडत होती. वाटलं होतं, आनंदानं धावत येईल. तिनं सूप खाली ठेवलं आणि डोळ्यांना पदर लावला! आत हाक मारली, "आवं, कुत्रं आलं माघारी. एकलंच."

बाहेर आला तो — जीपपाशी उभा होता तो टोपीवाला म्हातारा!

"तुमचा कुत्रा," मी म्हटलं. काय ताठ्यात म्हटलं असेल!

"माझा नाय. पोराचा हाय. जयरामचा."

मग भागीबाईच बोलली. मागच्या पावसाळ्यात बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं. पुन्हा तोंड दाखवू नको, असं रावजी बोलून गेला. पोरगा गेला तो गेला. गंगापूर रोडला कुठल्याशा बांधकामावर हाय, एवढंच गाववाल्यांनी सांगितलं. "मी म्हणते जा, बोलवून आना. पन ह्यांची मान वाकत नाय, बाई."

रावजी जमिनीकडे बघत म्हणाला, "मीच बसवला व्हता जीपमधी. मी कोनत्या तोंडानं जाऊ? म्हनलं, कुत्रं हुडकल त्याला. त्याला बघून कळल पोराला, कुनी धाडलं ते."

माझ्या हातातली दोरी गळाली. वाळूचा ढीग! तो रोज मला मालकाच्या दारात नेत होता आणि मी रोज फरपटत परत आणत होते! वर खादाड म्हणत होते. इतकी लाज वाटली मला.

सगळं सांगितलं त्यांना. रावजीनं कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला. दोरी उचलून माझ्या हातात दिली. "परत न्या, बाई," एवढंच म्हणाला.

येताना काळीपिवळीत ह्यानं आपणहून उडी मारली.

६ सप्टेंबर

सकाळी दोरी सोडून दिली. हा सुसाट! वाळूच्या ढिगावरून सरळ आत, मी धापा टाकत मागे. डोक्यावर घमेलं घेतलेला एक पोरगा — आणि हा त्याच्या अंगावर! माल सगळा सांडला.

"भुऱ्या? तू कसा रं आला?"

म्हटलं, "तुझ्या वडिलांनी पाठवलाय. स्वतः जीपमध्ये बसवून."

घमेलं टाकून खाली बसला. कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसलं. मग उठला, हात धुतले. "बाई, त्र्यंबकची एसटी कुठनं सुटती?"

एसटीत कुत्रा घेत नाहीत, म्हटलं. चल, काळीपिवळी दाखवते.